मोबाईलवर तीस टक्के, छताला लुकलुक

द्राक्षाचा हंगाम बरा गेला की आमच्या गोदावरीकाठी, सायखेडा-चांदोरीकडे बंगल्यांची कामं निघतात. हॉलला पीओपी, पीओपीत पॅनेल लाईट, कडेने स्ट्रिप आणि पुण्यातल्या मुलाने ऑनलाइन मागवलेले स्मार्ट स्विच. वास्तुशांत झाली की वायरमनला, म्हणजे मला, फोन येतो. "भाऊ, मोबाईलवर तीस टक्के केलं की लाईट नाचायला लागते. स्विच खराब निघाला का?"

मी विचारतो, "काका, लाईटचं खोकं ठेवलंय का?"

खोकं भंगारात गेलेलं असतं. उत्तर मात्र त्याच्यावरच छापलेलं असतं: डिमेबल की नॉन-डिमेबल.

आपल्या घरात 230 व्होल्टची वीज सेकंदाला 50 वेळा वरखाली होते, म्हणजे अर्ध्या लहरी 100. उजेड कमी करायला साधा डिमर प्रत्येक अर्ध्या लहरीच्या सुरुवातीचा तुकडा कापतो. जुन्या साठ वॅटच्या बल्बला याचं काही वाटत नसे. तार तापलेलीच राही, मधली खंडित वीज डोळ्याला कळत नसे. एलईडीच्या पोटात ड्रायव्हर असतो आणि करंट एकसारखा ठेवणं हेच त्याचं काम. डिमर वीज कापतो, साधा ड्रायव्हर ती तूट भरून काढू पाहतो. या ओढाताणीत लाईट फडफडते, गुणगुणते किंवा एकदम विझते. डिमेबल ड्रायव्हर कापलेली लहर ओळखतो आणि त्या मानाने करंट उतरवतो. म्हणून आधी लाईट ठरवा, मग स्विच. लोक नेमकं उलटं करतात. पॅनेल लाईटचा ड्रायव्हर बहुधा वेगळा असतो, तेव्हा लाईट न फेकता तेवढाच बदलता येतो. फक्त मिलिअँपिअर आणि व्होल्ट जुळले पाहिजेत.

दुसरी भानगड लोडची. जुने डिमर मोठ्या बल्बांसाठी केलेले. त्यांच्यावर 9 वॅटचा एकच एलईडी टाकला तर डिमरला टिकून राहण्यापुरताही करंट मिळत नाही. लहरीची शेपटी कापणारे, ट्रेलिंग एजचे डिमर एलईडीशी जास्त जमवून घेतात. उलट बाजूही बघा. डिमरवर 400 वॅट लिहिलंय म्हणून 400 वॅटचे एलईडी जोडायचे नसतात. कंपनी एलईडीसाठी वेगळा, बराच कमी आकडा देते, तो मानायचा. आणि पंख्याचा रेग्युलेटर लाईटला लावणाऱ्यांना तर माझा हात जोडून नमस्कार.

मग न्यूट्रल, म्हणजे परतीची तार. आपल्याकडे ज्या बोर्डात प्लग असतो तिथे न्यूट्रल आलेलाच असतो. जिन्यातल्या नि बेडजवळच्या बोर्डात मात्र पुष्कळदा नुसती फेज खाली उतरवलेली असते. तिथे बिनन्यूट्रलचा स्मार्ट स्विच बसवला की स्वतः जागं राहण्यासाठी तो बल्बमधूनच थोडा करंट ओढतो. तेवढ्यावर बंद केलेला एलईडीही रात्रभर मिणमिणतो आणि घरातली म्हातारी माणसं घाबरतात. लाईटच्या टोकांना कंपनीचा बायपास कपॅसिटर जोडला की बहुतेक वेळा हे थांबतं. नवं घर बांधत असाल तर प्रत्येक बोर्डात न्यूट्रल टाकायला सांगा. वायरचा खर्च किरकोळ आहे, पुढे भिंत फोडायचा नाही.

सगळं जुळलं तरी अ‍ॅपमध्ये किमान पातळी लावावी लागते. लाईट जिथे थरथरते त्याच्या जरा वर ती ठेवायची. मळ्यातल्या घरांत मोटारी सुरू असताना हे करावं, कारण व्होल्टेज पडलं की मंद लाईटच आधी बोंबलते. आकड्याच्या मागे लागू नये. मोजून प्रकाश चौथ्या हिश्शावर आणला तरी डोळ्याला तो निम्म्याच्या आसपास वाटतो. पिवळ्या बल्बसारखी ऊब मात्र येणार नाही. तो मंद होताना तांबूस व्हायचा, साधा एलईडी आहे त्याच रंगात उतरतो. ज्यांचा रंग मोबाईलवरून बदलतो अशा स्मार्ट बल्बना भिंतीवर साधंच बटण हवं, डिमर चालत नाही.

माझं ऐकाल तर हॉल आणि झोपायच्या खोलीपुरतंच डिमिंग करा. स्वयंपाकघरात, गोठ्यात मंद उजेड कोणाला हवाय? आणि 2019 च्या ऑगस्टमधल्या गोदावरीच्या पुरात ज्या घरांत पाणी शिरलं होतं, तिथे आधी जुनी वायरिंग आणि अर्थिंग तपासून घ्या. स्मार्ट स्विच पूररेषेच्या वर, उंच बोर्डातच बसवा. डझनभर लाईट घेण्याआधी एकच आणा, तुमच्याच स्विचवर रात्री लावून बघा आणि खोकं जपून ठेवा.