घरचा साबण (भाग ६) : वापरलेली वडी समोर ठेवा

मागच्या भागात कॉस्टिक सोडा पाण्यात विरघळवण्यापासून साचा भरण्यापर्यंत आपण आलो. साचा भरला की काम झालं असं वाटतं. पण घरगुती साबणाचा धंदा उभा राहतो की बसतो, ते यापुढच्या चार-सहा आठवड्यांत आणि नंतर विक्रीच्या टेबलावर ठरतं. दोन्हीकडे बहुतेकांची मेहनत वडी देखणी करण्यात जाते. गुलाबपाकळ्या, सोनेरी चमक, फुलांचे साचे यांत वेळ जातो आणि बादलीतल्या पाण्याशी गाठ पडल्यावर वडीचं काय होतं, हे बघायचं राहून जातं. गिऱ्हाईक मात्र साबण परत घेतं ते तिसऱ्या आठवड्यात न्हाणीघरात उरलेल्या वडीकडे बघून. म्हणून आजच्या भागाचं सांगणं थोडक्यात असं : प्रदर्शनात नव्या वड्यांच्या शेजारी एक वापरलेली वडी ठेवा. ती अभिमानाने ठेवता यावी यासाठी आधी काय करावं लागतं, तेही आज बघू.

साच्यातून साबण साधारण २४ ते ४८ तासांत निघतो. खोबरेलाचं प्रमाण जास्त असेल तर तो लवकर कडक होतो आणि उशिरा कापला तर सुरीखाली त्याचा भुगा पडतो. ऑलिव्ह किंवा राइस ब्रॅनचा भर असेल तर मऊपणा जास्त दिवस राहतो. कापलेल्या वड्या मग ४ ते ६ आठवडे हवेवर ठेवायच्या. साबणीकरण, म्हणजे तेल आणि सोडा यांची एकमेकांत होणारी क्रिया, बहुतेक पहिल्या दोन दिवसांतच पूर्ण होते. उरलेले आठवडे लागतात ते पाणी उडून जाण्यासाठी आणि वडीची आतली घडण घट्ट होण्यासाठी. आठवड्याभराची कोवळी वडीही फेस देते, पण साबणदाणीत तिचा गाळ होतो आणि ती पाहता पाहता झिजते. एवढी महाग वडी इतक्या लवकर संपली, ही तक्रार बहुतेक वेळा रेसिपीची नसते, घाईची असते.

वडी तयार झाली हे कॅलेंडरवरून ठरवू नका, तराजूवरून ठरवा. प्रत्येक घाण्यातली एक वडी खूण करून बाजूला ठेवायची आणि दर आठवड्याला ग्रॅमच्या काट्यावर तोलायची. सुरुवातीला वजन झपाट्याने उतरतं, मग उतार मंदावतो. सलग दोन आठवडे फारसा फरक पडला नाही की ती विकायला योग्य. हे आकडे वहीत तारखेसह लिहा. त्याच वहीत तेल कोणत्या डब्यातलं, सोडा कधी उघडलेला, हेही हवं. सोड्याचे फ्लेक्स हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड शोषतात. डबा नीट बंद नसेल तर काट्यावर १०० ग्रॅम दिसतात, पण त्यात सोडा कमी असतो. मग साबण मऊ आणि तेलकट होतो आणि कारण सापडत नाही. वही असेल तर सापडतं.

आता आपल्याकडची खरी अडचण. घरगुती साबणाला सर्वांत मोठी मागणी दिवाळीला, अभ्यंगस्नानाच्या निमित्ताने. दिवाळीत विकायचा साबण सहा आठवडे आधी कापलेला हवा, म्हणजे तो भाद्रपदाच्या आगेमागे ओतावा लागतो. कोकणात आणि मुंबईत तेव्हा हवा ओलीचिंब असते. घरच्या साबणात ग्लिसरीन तसंच राहतं, अंदाजे तेलाच्या वजनाचा दहावा हिस्सा, आणि ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढतं. वडीवर घामासारखे थेंब येतात. कारखान्यातून आयता आणून वितळवून ओतलेल्या बेसचा साबण तर याहून जास्त घामेजतो. पुसून काढलं की दोन तासांत पुन्हा थेंब दिसतात.

यावर मला पटलेला उपाय असा : दिवाळीचा माल दोन हप्त्यांत करावा. जास्त टिकणारा, खोबरेल आणि पाम यांचा भर असलेला साबण मे महिन्यात, कोरड्या हवेत ओतून ठेवावा. सूर्यफूल किंवा सोयाबीन तेल जास्त असलेला साबण इतका आधी करू नये. ही तेलं लवकर खवट होतात आणि वडीवर नारिंगी डाग उमटतात. पावसाळ्यातल्या हप्त्यासाठी एक बंद खोली आणि ओल शोषणारं यंत्र परवडत असेल तर उत्तम. नसेल तर पंखा, लाकडी फळी आणि दोन वड्यांमध्ये बोटभर अंतर. लोखंडी जाळीवर वड्या ठेवू नका, धातूच्या स्पर्शाने डाग लवकर येतात. देशावर, विदर्भात किंवा मराठवाड्यात राहणाऱ्यांना हा त्रास कमी, पण त्यांच्यापुढे वेगळा प्रश्न असतो.

तो प्रश्न पाण्याचा. बोअरवेलच्या जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतं. साबणाशी त्यांची गाठ पडली की फेसाऐवजी चिकट पांढरा साका तयार होतो. खोबरेलाचा साबण जड पाण्यातही बऱ्यापैकी फेसाळतो, थोडं एरंडेल घातलं तर फेस टिकतो. ऑलिव्हचा भर असलेली वडी तिथे मागे पडते. म्हणून वडीची परीक्षा फिल्टरच्या पाण्यात करू नये. गिऱ्हाईक ज्या पाण्याने अंघोळ करतं त्याच पाण्यात करावी आणि प्रदर्शनातही तसंच पाणी न्यावं. तेलांचा विषय निघालाच आहे, तर करंज तेलाबद्दल एक गोष्ट इथेच सांगतो. करंज, कडुनिंब, मोह ही अखाद्य तेलं साबणाकडे वळवण्याचा आग्रह खादी-ग्रामोद्योग चळवळीने धरला आणि तो शहाणपणाचा होता. पण करंजाचा उग्र वास सुगंधाने झाकता येत नाही. तेलाचं प्रमाण थोडं ठेवा आणि वास आहे असं सरळ सांगा.

रंग आणि सुवासाच्या बाबतीत सोडा निर्दय आहे. बिटाचा रस तपकिरी होतो. गुलाबाच्या पाकळ्या काळपट पडतात आणि वडीवर मेलेल्या किड्यांसारख्या दिसतात. झेंडूच्या कुळातल्या कॅलेंडुलाच्या पाकळ्या तेवढ्या पिवळ्या राहतात. हळद आधी लालसर होते आणि उजेडात फिकी पडते. टिकतात ती मातीची द्रव्यं : गेरू, मुलतानी माती, कोळशाची पूड. लिंबू-संत्र्याचा सुवास महिन्याभरात उडतो, वाळा आणि पाचोळी रेंगाळतात. व्हॅनिलाचा अर्क वडी तपकिरी करतो. तेव्हा टेबलावर शोभेचा ढीग रचण्यापेक्षा दोन-तीन टिकाऊ प्रकार ठेवा.

मांडणी कशी असावी, याचे दोन जुने धडे पश्चिम आशियात आहेत. सीरियातल्या अलेप्पोमध्ये ऑलिव्ह आणि लॉरेल तेलाचा साबण शिजवून जमिनीवर ओततात, कापतात, त्यावर कारागिराचा शिक्का मारतात आणि सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ हवेवर रचून ठेवतात. बाहेरून वडी पिवळट-तपकिरी होते, आतून हिरवी राहते. चिरलेली वडी बघताच गिऱ्हाइकाला कळतं की ती किती मुरली आहे. पॅलेस्टाइनमधल्या नाब्लुसमध्ये साबणाच्या वड्यांचे उंच शंकू रचतात, मधून वारा खेळावा म्हणून. युनेस्कोने या दोन्ही परंपरांना २०२४ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. दोन्हीकडे वाळवण हीच मांडणी होती. साबणाला लागलेला वेळ बघणाऱ्याला तिथे डोळ्यांनी दिसतो.

आपण तसं करू शकतो. मुंबईच्या महालक्ष्मी सरसमध्ये किंवा पुण्याच्या भीमथडी जत्रेत गाळा मिळाला तर टेबलावर तीन वड्या ओळीने ठेवा : आज कापलेली, महिन्याभराची आणि घरात तीन आठवडे रोज वापरलेली. प्रत्येकीवर तारीख आणि वजनाची चिठ्ठी. समोर बोअरच्या पाण्याचं घमेलं, टॉवेल आणि हात धुण्याची मुभा. वापरलेली वडी तडकली असेल, तिच्याभोवती गाळ असेल, तर तो घाणा अजून विकायचा नाही हे तुम्हालाही तिथेच कळेल. पावसाळी प्रदर्शनात वड्या प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळू नका, श्वास घेणारा कागद वापरा.

लोक ‘टीएफएम किती?’ असं विचारतील, कारण बाजारातल्या वेष्टनांवर तो आकडा असतो. टीएफएम म्हणजे साबणातल्या एकूण स्निग्धाम्लांचं प्रमाण. १ किलो तेलापासून, पाणी उडून गेल्यावर, साधारण १.३ किलो साबण मिळतो. तेलातली स्निग्धाम्लं त्यात राहतात, म्हणून आकडा सत्तरीच्या आसपास येतो. कागदावरचा हा हिशेब प्रयोगशाळेच्या अहवालाची जागा घेऊ शकत नाही, वेष्टनावर छापायचा आकडा तपासणीतूनच यायला हवा. पीएचबद्दलही असंच. खऱ्या साबणाचा पीएच ९ ते १० च्या दरम्यान असतो. ५.५ हा आकडा सिंथेटिक डिटर्जंटच्या वड्यांना लागू होतो, आपल्या वडीवर तो छापणं खोटं ठरेल.

आता परवाना, ज्याकडे फार जण दुर्लक्ष करतात. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० मध्ये सौंदर्यप्रसाधनांच्या व्याख्येतून साबण एकेकाळी वगळलेला होता. १९८२ च्या दुरुस्तीने ते वगळणं काढून टाकलं. तेव्हापासून विक्रीसाठी अंगाचा साबण बनवायला परवाना लागतो. २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार तो राज्याचं परवाना प्राधिकरण, म्हणजे आपल्याकडे अन्न व औषध प्रशासन, देतं. त्यासाठी स्वच्छ, वेगळी जागा आणि रसायनशास्त्र किंवा औषधनिर्माणशास्त्र जाणणारी जबाबदार व्यक्ती लागते. स्वयंपाकघराचा ओटा त्यात बसत नाही. ज्यांना हे एकट्याने झेपत नाही, त्यांनी दुसऱ्याच्या परवानाधारक जागेत उत्पादन करण्याचा मार्ग बघावा, त्याचीही नियमांत तरतूद आहे. बचत गटांना हे सर्वांत सोयीचं.

वेष्टनावर घाणा क्रमांक, परवाना क्रमांक, निव्वळ वजन, किंमत, घटक आणि वापराची मुदत यायला हवी. वजन मुरलेल्या वडीचं लिहा, कापलेल्या दिवसाचं नव्हे. आणि इसब बरा होतो, पांढरे डाग जातात असं काही लिहू नका. तसं लिहिलं की साबण औषध ठरतो आणि त्याला वेगळे कायदे लागतात. आजारी त्वचेला चुकीचा धीर देणं तर माणसाशी केलेला अन्याय आहे. पुढच्या भागात किंमत कशी ठरवायची ते बघू : तेल, वाया गेलेले तुकडे आणि आपले स्वतःचे तास.