तार तुटल्यानंतर

'ओव्हरहेड वायर तुटली' म्हणजे काय, हे मुंबईच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. लोकल दोन स्टेशनांच्या मध्ये उभी राहते, पंखे थांबतात आणि थोड्याच वेळात डब्यातून प्रश्न येतो, 'एक तार जोडायला एवढा वेळ?' प्रश्न रास्त आहे. कुणाची परीक्षा असते, कुणाची डायलिसिसची वेळ, रमजानात कुणाची रोजा सोडायची. पण तार जोडणे हा कामाचा एक भाग झाला. बराच वेळ जातो तो तारेत वीज नाही याची खात्री करून घेण्यात.

मुंबईत विजेची पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी धावली, ती १,५०० व्होल्टच्या डीसी प्रवाहावर. पुढे टप्प्याटप्प्याने बदल होत २०१६ साली हार्बर मार्गही २५,००० व्होल्टच्या एसी प्रवाहावर आला. घरातल्या विजेच्या शंभरपटीहून हे अधिक आहे. आम्ही कवी मंडळी 'वीज' हा शब्द किती स्वस्तात वापरतो!

पेंटोग्राफ ज्या तांब्याच्या तारेला घासत जातो, ती जेमतेम करंगळीएवढी जाड. खालून सरळ दिसते, पण बांधलेली असते नागमोडी, म्हणजे पेंटोग्राफची पट्टी एकाच जागी झिजत नाही. ती ताठ राहावी म्हणून काही खांबांवर वजने टांगलेली दिसतील. अशी ताणलेली तार तुटली की नुसती लोंबत नाही, उसळते.

तार जमिनीला किंवा गाडीला टेकताच सबस्टेशनातला ब्रेकर क्षणात प्रवाह तोडतो. नियंत्रण कक्षातला माणूस तो पुन्हा जोडून पाहतो, कारण कधी एखादी फांदी किंवा पक्षी एवढेच कारण असते. ब्रेकर पुन्हा पडला, तर बिघाड खरा. मग मार्गाचे छोटे छोटे तुकडे वेगळे करून, बिघाडाचा नेमका तुकडा शोधायचा आणि उरलेल्या भागात वीज परत द्यायची. म्हणूनच लोंबणारी तार मेली आहे असे कधीही समजू नये. ती पुन्हा जिवंत केली जाऊ शकते. डब्यातून उतरून रुळांवरून चालणाऱ्यांना हे ठाऊक नसते. तिच्यापासून किमान दोन मीटर दूर राहायचे.

दुरुस्तीची टॉवर वॅगन डिझेलवर चालते, वीज नसताना तिला जायचे असते ना! पण तिची वाट अनेकदा अडकलेल्या लोकलच अडवून उभ्या असतात.

माणसे पोचली तरी लगेच तारेला हात लावत नाहीत. वीज बंद केल्याचा लेखी परवाना लागतो. तेवढ्यानेही भागत नाही. शेजारच्या चालू तारेमुळे बंद तारेतही दाब उतरतो, तोही जीव घेऊ शकतो. म्हणून कामाच्या दोन्ही बाजूंना सळ्या अडकवून तार जमिनीशी जोडतात. मग जोडणी, उंचीची तपासणी, अडकलेला पेंटोग्राफ सोडवणे.

काम संपल्यावर सारे उलट्या क्रमाने. माणसे मोजायची, सगळी खाली उतरली हे पाहायचे, सळ्या काढायच्या, परवाना परत करायचा. तेव्हा कुठे ब्रेकर जोडला जातो. पहिली गाडी सावकाश सोडतात, आणि खाली उभी असलेली माणसे डब्याकडे न बघता तिच्या टपाकडे बघत राहतात.