रात्रीची वीज आणि यकृताचं घड्याळ

डोंगरकड्याच्या शिवारात केळीला पाणी द्यायचं, तर विजेचं वेळापत्रक सांभाळावं लागतं. पाळी रात्रीची आली की शेतकरी जेवणाचा डबा घेऊन रानात जातो आणि मधेच कधीतरी भाकरी खातो. त्याच्या जागरणाबद्दल आपण बोलतो, त्या भाकरीच्या वेळेबद्दल बोलत नाही. मेंदूतलं मुख्य घड्याळ उजेडावर लागतं. अंधार पडला की ते मेलाटोनिन हे संप्रेरक स्रवायला लावतं. यकृत आणि चरबीतली घड्याळं मात्र बरीचशी जेवणावर लागतात. ब्रिटनच्या सरे विद्यापीठात २०१७ साली दहा तरुणांची जेवणं पाच तास पुढे ढकलली. मेलाटोनिनची लय जागेवरच राहिली, रक्तातल्या साखरेची मात्र साडेपाच तासांहून अधिक सरकली. एकाच देहात दोन वेगवेगळ्या वेळा सुरू झाल्या.

कष्टाच्या शरीराला काहीही पचतं, असं कुणी म्हणेल. राबणारे स्नायू साखर वापरतात, हे खरंच. पण ठिबकची मोटर चालू करून बांधावर बसण्यात ते कष्ट कुठे? शिवाय मेलाटोनिन वाढलेलं असताना स्वादुपिंड इन्सुलिन कमी सोडतं, म्हणून तीच भाकरी रात्री दोनला साखर जास्त चढवते. दहा जणांवरचा प्रयोग लहान आहे, हा आक्षेप रास्त. पण अमेरिकेत २०२१ साली कृत्रिम रात्रपाळीत ठेवलेल्यांपैकी जे फक्त दिवसा जेवले, त्यांची साखर बिघडली नाही. तेव्हा पोटभर जेवण निघण्यापूर्वी, दिवस मावळताना घ्यावं आणि रानात पाण्यावर भागवावं. मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांनी हा बदल डॉक्टरांना विचारूनच करावा. आणि दिवसा वीज देण्याची मागणी सरकारने आरोग्याची मागणी म्हणूनही ऐकावी.