टोमॅटोवर डाग दिसला? आधी नीट पाहा, मग औषधाचे बघा

2020 च्या उन्हाळ्यात आपल्या जिल्ह्यातील अकोले-संगमनेर भागात टोमॅटो पिकताना लाल होण्याऐवजी पिवळे, हिरवे, लाल असे चट्टे पडू लागले. शेतकऱ्यांनी या रोगाला ‘तिरंगा’ म्हटले. दिवस कोरोनाचे होते, त्यामुळे टोमॅटो खाल्ला तर आपल्यालाही रोग होईल, अशी धास्ती पसरली. बंगळूरच्या प्रयोगशाळेत नमुने तपासले, तेव्हा ‘कुकुंबर मोझॅक’सारखे झाडांचे विषाणू सापडले. झाडाचा विषाणू माणसाला बाधत नाही, असे शास्त्रज्ञांना वारंवार सांगावे लागले.

तपासणीआधीच निदान करण्याची ही घाई आपल्या गच्चीवरही होते. डाग दिसला की दुकानातून बाटली येते आणि त्याच झाडाचे टोमॅटो दोन दिवसांत मुलांच्या कचुंबरमध्ये जातात. म्हणून आम्ही म्हणतो, डाग कुठे आहे हे आधी पाहा.

फळाच्या बुडाशी काळा, चामड्यासारखा डाग असेल तर तो रोग नाही. पाणी कधी कमी, कधी जास्त पडल्याने फळाला कॅल्शियम पोहोचत नाही. औषध नको, नियमित पाणी हवे. कुंडीत पाचोळा पसरला की ओल टिकते. कोरड्या मातीला एकदम भरपूर पाणी दिले की फळ तडकते. उन्हाच्या बाजूला पांढुरका चट्टा असेल तर ऊन लागले आहे. भर दुपारी जुनी ओढणी सावलीसाठी बांधा.

फळाला गोल भोक असेल तर आत अळी आहे. फळ तोडून नष्ट करा आणि पानामागची अंडी पुसून काढा. शेजारी झेंडू लावा. अळीची मादी त्यावर अंडी घालते, ती तिथेच वेचता येतात. अळ्या लहान असतानाच निंबोळी अर्क उपयोगी पडतो. 50 ग्रॅम निंबोळी पूड कापडात बांधून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, पिळून गाळा, चिमूटभर साबण घालून संध्याकाळी फवारा.

खालच्या पानांवर वलयांचे तपकिरी डाग म्हणजे करपा. ती पाने काढून टाका आणि पाणी पानांवर न ओतता बुडाशी द्या. पानांवर नागमोडी पांढऱ्या रेषा दिसल्या तर नागअळी. थोडी पाने तोडली तरी पुरते.

शेंड्याची पाने आखडून वाटीसारखी वळली आणि झाड खुरटले तर तो बहुधा बोकड्या. पांढरी माशी त्याचा विषाणू पसरवते. यावर औषध नाही. जीव हळहळला तरी झाड उपटावे, नाहीतर शेजारच्या कुंड्याही जातात. माशीसाठी पिवळे चिकट कागद टांगा.

एवढे करूनही उलगडा झाला नाही तर रोगट फांदी पिशवीत घालून बाभळेश्वर किंवा दहिगाव-ने येथील कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. राहुरीचे कृषी विद्यापीठही आपल्याच जिल्ह्यात आहे. तरीही रासायनिक औषध वापरावेच लागले, तर डब्यावर लिहिलेले दिवस उलटेपर्यंत फळ तोडू नका. अंगणातला टोमॅटो आपण भरवशाने खातो. तो भरवसा टिकवणे आपल्याच हातात आहे.