श्रद्धा कमी नव्हे, आजार

सावित्री नदीचा पूर ओसरला, तरी घरातला गाळ आपोआप निघत नाही. जुलै २०२१ मध्ये महाडकरांनी हे अनुभवले. डिप्रेशनचे (नैराश्याच्या आजाराचे) तसेच आहे. मन सतत खिन्न, कशातच रस नाही, झोप-भूक बिघडलेली, असे दोन आठवडे किंवा अधिक चालले तर डॉक्टरांना दाखवावे.

ख्रिस्ती मित्राला हे झाले, की ‘प्रार्थना कमी पडली’ असे सहज म्हटले जाते. पण बायबलमधला एलीया संदेष्टाही खचून मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. उठवून भाकर-पाणी देतो.

मित्राचे नुसते ऐकून घ्यावे. त्याला हवे असेल तर सोबत चर्चला जावे, दवाखान्यातही. गोळ्या आणि प्रार्थना यांचे वैर नाही. पोलादपूरसारख्या डोंगराळ तालुक्यातूनही ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर चोवीस तास बोलता येते.