खडूची फुली

महाळुंग्यात रविवारी पोलिओचा बूथ झाला. सोमवारी घरोघरी फिरणाऱ्या आशाताई आणि अंगणवाडी सेविकेच्या मागे मीही निघालो. चाकण एमआयडीसीतल्या कामगारांच्या चाळी: दहा बाय दहाच्या खोल्या, दारात चपला, आणि निम्म्या दारांना कुलूप.

"पोलिओला नको म्हणणारं इथं कुणी भेटत नाही," ताई म्हणाल्या, "कुलूपच भेटतं."

कुलपाशेजारी खडूनं फुली मारायची, म्हणजे इंग्रजी एक्स. घरातल्या पाच वर्षांखालच्या सगळ्या पोरांना डोस मिळाला तर पी. फुलीच्या दारी परत यायचंच.

लसीच्या डब्यात चहूबाजूंनी आईसपॅक. कुपीवर जांभळं वर्तुळ, त्यात फिकट चौकोन. लसीला ऊब लागेल तसा चौकोन गडद होतो. वर्तुळाच्या रंगाला मिळाला की कुपी बाद. या सगळ्या खटाटोपातली सर्वांत हुशार वस्तू मला हीच वाटली. ताई प्रत्येक कुपी डोळ्यांजवळ नेऊन बघतात. २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात १२ मुलांना डोसऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं होतं. हे बघणं उगीच नाही.

देशातला नैसर्गिक (वाइल्ड) पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्यात सापडला, २०१४ मध्ये पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्रही मिळालं. मग अजून फुल्या कशाला? पाकिस्तान-अफगाणिस्तानात विषाणू अजून आहे, आणि तो विष्ठेतून, घाण पाण्यातून, न धुतलेल्या हातांतून पोटात जातो. लागण झालेल्या सुमारे २०० जणांत एखाद्यालाच लुळेपणा येतो. बाकीचे बहुतेक धडधाकट दिसतात आणि विषाणू पसरवत राहतात. एका संडासावर चार बिऱ्हाडं असलेल्या चाळीत तो कुणाकडून आला, हे कळायचं कसं?

चार वाजता फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर आम्ही परत आलो. कंपनीच्या टी-शर्टातल्या बाईनं कुलूप काढलं, शेजारणीकडून पोरगं आणलं. त्यानं दात घट्ट मिटले. ताईंनी दोन बोटांनी गाल दाबले, ड्रॉपर तोंडाला न लावता वरूनच दोन थेंब सोडले. पोरानं थुंकले. पुन्हा दोन. मग डाव्या करंगळीच्या नखावर मार्कर.

फुली पुसून ताईंनी पी लिहिला. शेजारच्या दारावरची मात्र तशीच.

"वो लोग सेकंड में हैं," ती बाई म्हणाली.

ताईंनी वहीत टिपलं: उद्या, सकाळी लवकर.