धरण उशाला, तरी गरिबी का?

माळशेज घाट चढून आलं की मढचा परिसर लागतो. समोर पिंपळगाव जोगे धरणाचं पाणी, चहूकडे हिरवे डोंगर. ‘एवढं पाणी असून लोक गरीब? आळशी असतील!’ असं पाहुणे सहज बोलून जातात. मला ते फार लागतं.

गैरसमज : धरण आलं की सुबत्ता येतेच.

पाणी उताराने जातं. कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांचे कालवे पूर्वेकडे पारनेर, श्रीगोंदा, कर्जतकडे धावतात. वरच्या डोंगरातल्या वाड्या कोरड्याच. पावसावरचा भात निघाला की तिथले महादेव कोळी, ठाकर आदिवासी मजुरीसाठी नारायणगावकडे उतरतात. मजुरी करूनही गरिबी का हटत नाही, ते अर्थतज्ज्ञ आर्थर लुईस यांनी 1954 मध्ये मांडलं होतं : मोकळे हात संपेपर्यंत मजुरी फारशी वाढत नाही, वाढ होते ती नफ्यात.

गैरसमज : गरीब अडाणी आणि आळशी असतात.

उन्हाळ्यात झाडावर चढून औषधी बाळहिरडा झोडणाऱ्याला आळशी कोण म्हणेल? अर्थतज्ज्ञ थिओडोर शुल्ट्झ यांनी 1964 मध्ये दाखवलं की पारंपरिक शेतकरी हाताशी आहे त्याचा नेमका वापर करतो. कमी पडतात ती साधनं.

गैरसमज : गरिबाकडे बचत नाही, म्हणून भांडवल बाहेरूनच यायला हवं.

यासाठी अर्थतज्ज्ञ राग्नार नर्क्से यांच्या ‘दारिद्र्याच्या दुष्टचक्रा’चा दाखला देतात : गरीब म्हणून बचत नाही, बचत नाही म्हणून गरीब. पण 1953 च्या ज्या पुस्तकात हे चक्र येतं, त्यातच ते असंही सांगतात, की शेतीत अडकून पडलेले रिकामे हात हीच दडलेली बचत आहे. इथल्या आंबेगाव-जुन्नर तालुक्यांतल्या आदिवासींना ते पुस्तकाशिवाय ठाऊक होतं. त्यांची पडकई म्हणजे तेच. उन्हाळ्यात आज तुझ्या, उद्या माझ्या रानात सगळे मिळून उतार फोडायचा, दगडांची ताल रचायची, माती सपाट करायची. दोन-चार हंगामांत वरई-नाचणीच्या उतारावर भाताचं खाचर उभं राहतं. अडचण एकच : खणणाऱ्याने तोवर खायचं काय? म्हणून 1979 मध्ये अमलात आलेल्या महाराष्ट्राच्या रोजगार हमी कायद्याचं मोल मोठं. मजुरी सरकारची, खाचर मात्र शेतकऱ्याचं. पुढे पडकईची सरकारी योजनाही झाली.

आणि धरणाचं पाणी? कुकडीच्याच डिंभे जलाशयात जमिनी बुडालेल्या आदिवासींनी ‘शाश्वत’ संस्थेच्या साथीने त्याच पाण्यात मासेमारीचा हक्क मिळवला. त्या कामाला 2012 मध्ये संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. पाणी तेच होतं, जाळं टाकायचा हक्क नवा होता.